तळवडेकरांचा कान

घाटकोपरच्या पश्चिमेला असल्फ्याच्या टेकडीवर चाळींची जी रांग चढत गेली आहे, तिच्यात शेवटून दुसऱ्या खोलीच्या दारावर पत्र्याची एक पाटी होती: ‘स. गो. तळवडेकर. रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर व लाउडस्पीकर दुरुस्ती.’ पाटी वीतभर होती, पण तिला शोधत मुलुंडहून, मालाडहून, सांताक्रूझहून माणसं धापा टाकत टेकडी चढत. येणारे बहुतेक साठी उलटलेले. कुठल्या तरी साहेबाने देश सोडताना विकलेले, नाहीतर बोटीवरच्या भावाने आणलेले विलायती स्पीकर त्यांच्या घरी असत, आणि त्यांचा आवाज आताशा बसलेला असे. प्रत्येकाला कोणीतरी सांगितलेलं असायचं, की तळवडेकरांकडे जा, त्या माणसाला कान आहे.

कान होता, यात काही खोटं नाही. फक्त तो तळवडेकरांचा नव्हता. तो त्यांच्या बायकोचा, मालनचा होता, आणि ही गोष्ट त्या दोघांखेरीज कोणालाही ठाऊक नव्हती.

सहदेव तळवडेकर अठरा वर्षं परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, होता. साचेखात्यात दोनशे साचे एकदम खडखडायला लागले की शेजारच्याने कानात तोंड घालून ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं ओठ वाचतात आणि हाताच्या खुणांनी बोलतात. सहदेव त्यात इतका तरबेज होता की दोन रांगा पलीकडे कोणी शिवी दिली तरी हा इथून ती व्याजासकट परत करायचा. ब्याऐंशीच्या संपानंतर गिरणीने त्याला परत घेतलं नाही. लग्नाआधी गाववाल्यांच्या खोलीत राहत असताना हौसेने शिकलेली रेडिओदुरुस्ती मग त्याने पोटासाठी बाहेर काढली, खोलीचा खिडकीकडचा अर्धा भाग टेबलाने अडवला आणि पाटी रंगवून आणली.

त्या पहिल्याच वर्षी एका दुपारी तो टेबलाकडे तोंड करून कथलाचे डाग देत बसला होता आणि मालन मागे भांडी लावत होती. मान न वळवता त्याने विचारलं, “हल्ली हातात काकणां घालणस नाय काय गो?”

मालनच्या दोन्ही मनगटांत डझनभर हिरवी काकणं होती आणि भांड्यांवर आपटून ती खळखळ वाजत होती. तिला वाटलं, नवरा थट्टा करतोय. तिने हात त्याच्या कानापाशी नेऊन हलवला. त्याने वळून हाताकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि डाग द्यायची तापलेली सळई खाली ठेवली.

साच्यांनी त्याच्या कानाचा वरचा मजला कधीच रिकामा केला होता. बोलणं कळे, ढोलकी ऐकू येई, बसचा हॉर्न ऐकू येई. कुकरची वाफ, डास, काकणं आणि ‘स’, ‘श’सारखी अक्षरं मात्र गेली होती. ती अक्षरं तो समोरच्याच्या ओठांवरून भरून काढायचा, त्यामुळे कोणाला पत्ता लागला नव्हता. त्याचा त्यालाही लागला नव्हता.

दुसरा कसला धंदा असता तर एवढ्याने काही अडलं नसतं. पण जुन्या स्पीकरचं दुखणं नेमकं वरच्या मजल्यावरच असतं. त्या पेटीत मागच्या बाजूला प्लायवूडची एक फळी बसवलेली असते, तिला क्रॉसओव्हर म्हणतात. आलेला आवाज वाटून देणं एवढंच तिचं काम. जाडाभरडा आवाज मोठ्या कागदी भोंग्याला आणि बारीक आवाज ट्विटर नावाच्या छोट्या भोंग्याला. ही वाटणी करतात बोटाएवढे कंडेन्सर, आणि पंचवीस वर्षांत ते आतून सुकून जातात. मग बारीक आवाज वाटेतच अडतो आणि गाणारा गोधडीत तोंड घालून गातोय असं वाटतं. सुकलेला काढायचा आणि नवा घालायचा एवढ्यावर भागलं असतं तर टेकडी चढायचे कष्ट कोणी घेतले नसते. नवा कंडेन्सर तरणाबांड असतो, तो सगळंच आत सोडतो आणि ट्विटर किंचाळायला लागतो. मग त्याच्या वाटेत एक बारकासा रजिस्टन्स घालून त्याला आवरावं लागतं. किती आवरायचं हे कुठलाही मीटर सांगत नाही. ते कानाने ठरवायचं.

मालनला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिला स्वयंपाकातलं कळत होतं. आवाज मंद, बसका असला की ती म्हणे ‘आळणी’. किंचाळला की ‘खारट’. जमला की ‘बेताचं’. या तीन शब्दांवर तळवडेकरांचा धंदा उभा राहिला. सहदेव डाग देई, रेकॉर्ड लावी आणि तिच्या ओठांकडे बघे. खारट म्हटलं की रजिस्टन्स वाढवी, आळणी म्हटलं की कमी करी. गिऱ्हाईक समोर बसलेलं असलं की तोंडाने बोलायची सोय नसे. तेव्हा मालन कोपऱ्यात तांदूळ निवडत बसे आणि साचेखात्यातल्यासारख्या खुणा करी. ताटातला खडा उचलून टाकला तर खारट, मूठभर तांदूळ ताटात ओतले तर आळणी, तळहात ताटावर सपाट ठेवला तर बेताचं. गिऱ्हाइकाला दिसायचा डोळे मिटल्यासारखे करून ऐकणारा कारागीर आणि कोपऱ्यातली त्याची घरगुती बायको. तळवडेकरांच्या घरात त्या चार वर्षांत तांदूळ जितके निवडले गेले तितके कुठल्या लग्नघरातही निवडले गेले नसतील.

एका स्पीकरला वीस-पंचवीस वेळा ऐकावं लागे आणि स्पीकर नेहमी जोडीने येत. त्यामुळे मालनला घर सोडता येत नसे. बाजार भल्या सकाळी उरकायचा. गिऱ्हाईक बसलेलं असलं की चाळीच्या टोकाच्या संडासापर्यंत जायचीही चोरी. देवगडला भाचीचं लग्न होतं, तर अक्षता पडल्या आणि ही परतीच्या गाडीत बसली. माहेरच्यांनी सहदेवला नावं ठेवली, आणि का ते सांगता येत नसल्याने हिने ती गिळली. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे तेवढंही निमित्त नव्हतं. वर गिऱ्हाइकं जाताना कौतुकाने म्हणायची, वहिनी, तुमच्या घरात सोन्याचा कान आहे हो. मालन हसायची, आणि ती गेली की भांडी जरा जोरात आपटायची. तिला राग येई. आपल्या डोक्याला लागलेले दोन कान आपले नाहीत, ते टेबलावरच्या मीटरसारखे आणि पकडीसारखे धंद्याच्या सामानातले आहेत, असं तिला वाटायला लागलं होतं.

शहाऐंशीच्या गणपतीनंतर खालच्या चाळीतली अनुपमा तिच्याकडे एक गोष्ट घेऊन आली. अनुपमा अंधेरीला सिप्झच्या कारखानी वसाहतीतल्या एका कंपनीत तपासनीस होती. तिथे कानाला लावायचे हेडफोन बनत आणि परदेशी जात. तयार माल ऐकून तपासायला बायका हव्या होत्या, आणि वयाची अट नव्हती. मालन सहज म्हणून तिच्याबरोबर गेली. तिच्यापुढे बारा हेडफोन ठेवले आणि बिघडलेले वेगळे काढायला सांगितले. तिने पाच काढले. मशीननेही तेच पाच काढले होते. तिथल्या मॅडमने तिला विचारलं, की बाई, हे तुम्ही कुठे शिकलात. मालन म्हणाली, घरीच.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. दिवाळी झाल्यावरच्या सोमवारी सकाळी आठ वाजता हजर व्हायचं. पत्रावर ‘सौ. मालन सहदेव तळवडेकर’ असं टाइप केलेलं होतं. आपलं नाव टाइप केलेलं तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, रेशनकार्डावरही ते हातानेच लिहिलेलं होतं. तिने पत्र चारदा वाचलं आणि पाचव्यांदा नवऱ्याच्या हातात दिलं.

सहदेव वाईट माणूस नव्हता, हे सांगायला हवं. दारू नाही, मारहाण नाही, भाजीत मीठ विसरलं तर मुकाट्याने वरून घेणारा माणूस. तो घाबरला होता, एवढंच. पत्र वाचून तो म्हणाला, तू गेलीस की पाटी उतरवायची. मालनने तोड काढली, मी रविवारी ऐकीन, रोज संध्याकाळी ऐकीन. तो म्हणाला, गिऱ्हाईक काय तुझ्या सुट्ट्या बघून टेकडी चढणार, आणि त्यांच्या घरी जाऊन मी एकटा काय ऐकणार. तिने आठवण दिली की त्याचा चुलतभाऊ गुणाजी विक्रोळीच्या कारखान्यात त्याला स्टोअरमध्ये लावायला तयार आहे. तेव्हा मात्र त्याचा चेहरा उतरला. गिरणीत अठरा वर्षं तो बिल्ल्यावरचा नंबर होता. आता शिकलेली, मोठ्या हुद्द्यांची माणसं त्याला अहो-जाहो करत होती, त्याच्या मताची वाट बघत होती. ते सोडून पुन्हा नंबर व्हायचं, आणि का, तर कान गेले म्हणून. हे सगळं तो बोलला नाही, पण मालनला ते कळलं, आणि कळलं म्हणूनच तिचा जास्त जीव घुसमटला. नवरा दुष्ट असता तर भांडून तरी जाता आलं असतं.

दिवाळीच्या दहा दिवस आधी मुलुंडहून जयवंतराव कीर्तने आले. सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, पंचाहत्तरीचे. टेकडी चढवेना म्हणून स्पीकर हमालाच्या डोक्यावर आणि स्वतः काठीवर भार देऊन आले होते. म्हणाले, “तळवडेकर, तानपुऱ्याची जवारी, तो तारांचा बारीक झणकार, ऐकायला येत नाही हो मला. तीन मेकॅनिक झाले. तिघंही म्हणाले, स्पीकर ठीक आहेत. आता तुम्ही शेवटचे.”

त्याच रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मालनच्या मनात ती गोष्ट आली. आपण एकदाच चुकीचं सांगितलं तर? स्पीकर किंचाळत असताना ‘बेताचं’ म्हटलं तर? कीर्तन्यांसारखा गाण्यातला माणूस पहिल्याच रेकॉर्डला कानावर हात ठेवील, मुलुंडभर बोभाटा होईल, कान कान म्हणतात तो हाच का असं लोक म्हणतील. गिऱ्हाईक आटेल. सहदेव चार दिवस कष्टी होईल, मग गुणाजीकडे जाईल, आणि सोमवारी आपण आठच्या आत अंधेरीला. विचार आला तशी ती स्वतःलाच घाबरली. दुसऱ्या दिवशी तो गेला असेल असं तिला वाटलं होतं, पण तो तिथेच होता.

सहदेवने कीर्तन्यांच्या पेट्या उघडल्या. आतले कंडेन्सर फुगून मेण ओघळलेले होते आणि त्यांच्यावरचे आकडे पुसट झाले होते. चार मायक्रोफॅरडचे हवे होते, तेही कुठल्याही बाजूने जोडले तरी चालणारे. तसले इथे मिळत नाहीत. त्यावर आपल्याकडच्या कारागिरांची युक्ती ठरलेली आहे. आठाचे दोन साधे घ्यायचे आणि पाठीला पाठ लावून जोडायचे, उणेला उणे. मग दोघांची मिळून ताकद एकाच्या निम्मी होते, पण कोणीच जळत नाही. कित्येक संसार याच जोडणीवर चाललेले असतात, त्याला कोणी युक्ती म्हणत नाही इतकंच.

त्याने डाग दिले, रजिस्टन्स न घालता तसंच लावून पाहिलं आणि सवयीने तिच्या तोंडाकडे बघितलं. ट्विटर नुसता चिरकत होता. रेकॉर्डवरची धूळ गरम तेलात मोहरी टाकावी तशी तडतडत होती आणि गाणाऱ्या बाईचा प्रत्येक ‘स’ कानात सुईसारखा जात होता. मालनच्या दातांना कळ आली.

“बेताचं,” ती म्हणाली.

त्याला नवल वाटलं. रजिस्टन्सशिवाय? पहिल्याच खेपेला? तिने पुन्हा सांगितलं, बेताचं आहे. त्याने एकदाही संशयाने पाहिलं नाही. जुना ट्विटर दमला असेल, त्याला जास्तच लागत असेल, असं कारण त्याने स्वतःच शोधून काढलं आणि खुशीत पेट्यांचे स्क्रू आवळले. त्याची ती खुशी बघून मालनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने भांडी घासायला घेतली.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी दुपारी दोघांनी टेम्पोतून पेट्या मुलुंडला पोचवल्या. कीर्तने दुसऱ्या मजल्यावर राहत. घरात त्यांचा फिरतीवरचा मुलगा आणि सून सुहासिनी. सुहासिनी दार उघडून, हसून आत पाणी आणायला गेली. मालन सोफ्याच्या टोकावर, पदर मुठीत धरून बसली. आता काय ते होऊन जाऊ दे, असं तिला झालं होतं.

कीर्तन्यांनी रेकॉर्ड पुसली, काटा ठेवला आणि खुर्चीत बसले. तानपुरे लागले. त्यांच्या तारा पत्र्यावर खिळा ओढावा तशा खोलीभर कातरत गेल्या. आतल्या खोलीत फुलपात्र खाली पडल्याचा आवाज आला आणि कोणीतरी दार हळूच लोटून घेतलं. मालन कीर्तन्यांच्या तोंडाकडे बघत होती. ते आधी पुढे झुकले. मग त्यांनी उजवा तळहात कानामागे धरला. मग डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं.

“जवारी,” ते म्हणाले. “ऐकलीत? दहा वर्षांनी ऐकतोय मी. तळवडेकर, तुमचा कान म्हणजे देवाची देणगी आहे.”

कानामागे धरलेल्या त्या हाताकडे मालन बघत राहिली. तिला सगळं एकदम समजलं. तीन मेकॅनिक एका परीने खरंच बोलले होते, दुखणं नुसतं स्पीकरचं नव्हतं. कान म्हाताऱ्याचे गेले होते. जे तिला खारट होतं ते त्यांना आता कुठे चवीला लागलं होतं. सहदेवलाही त्या चिरकण्यातलं काही ऐकू येत नव्हतं. दोघं पुरुष समोरासमोर बसून, माना हलवत, जे ऐकू येत होतं तेवढ्यावर सुखी होते.

ती उठून पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली. सुहासिनी ओट्याशी कपाळ दाबून उभी होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सुहासिनीने आवाज खाली आणून सांगितलं, की बाबांना आताशा वरचं ऐकायला येत नाही, डॉक्टरांनी आम्हाला सांगितलंय, त्यांना नाही. गाणं गेलं असं त्यांना सांगायचं कोणी? दिवसातून चार तास लावतात. “लावू देत. आनंदात आहेत ना,” ती म्हणाली, आणि फिरून कपाळ दाबलं. तिला मधूनमधून अर्धशिशी होत असे, हेही तिने असंच सांगून टाकलं.

बाहेर कीर्तने सहदेवला आपल्या पाच मित्रांची नावं लिहून देत होते. सगळे त्यांच्याच वयाचे, सगळ्यांकडे जुने विलायती स्पीकर, सगळ्यांचा आवाज बसलेला. वर्षभर पुरेल इतकं काम होतं. पहिली जोडी दिवाळी झाल्यावरच्या रविवारीच टेकडीवर पोचेल, असंही त्यांनी फोनवर ठरवून टाकलं.

बसमध्ये सहदेव तिच्याकडे तोंड करून बसला होता आणि भरभरून बोलत होता. मालन खिडकीबाहेर बघत होती. ती एका दारातून निसटायला गेली होती आणि जाता जाता दुसऱ्या एका बाईला आत कोंडून आली होती. त्या बाईने तिचं काहीही वाकडं केलं नव्हतं. घरी पोचल्यावर सहदेवने शर्ट खुंटीला लावला, तेवढ्यात ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, त्याला ओठ नीट दिसतील अशी, आणि तिने सांगून टाकलं. आवाज खारट होता. मी मुद्दाम बेताचं म्हटलं. तुमचं नाव जावं म्हणून म्हटलं, मला सोमवारी जायचंय म्हणून. म्हातारबुवांना खारटच हवं, ते त्यांचं त्यांचं. पण त्यांच्या सुनेचं डोकं फुटायची पाळी आलीय, तेवढा दोन ओमचा रजिस्टन्स उद्या जाऊन घालून या. आणि हेही ऐका, तुमची सगळी गिऱ्हाइकं म्हातारी आहेत. त्यांना माझ्या कानाची गरज नाही. मला सोडा.

हे शेवटचं तिला वाटलं त्याहून मोठ्याने निघालं. तो रागावेल, ताट भिरकावील, असं तिला वाटत होतं. तो खाटेवर बसला. त्याने टेबलाकडे, त्यावरच्या मीटरकडे, काढून ठेवलेल्या जुन्या कंडेन्सरांकडे पाहिलं. मग त्याने विचारलं, “आजपर्यंत कितीदा असा केलंस?”

हा प्रश्न तिच्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

“एकदाच,” ती म्हणाली. “देवाशप्पथ, ह्या एकदाच.”

तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. शब्द त्याला कळला होता, हे तिला दिसत होतं. पण चार वर्षांत दोनशेच्या वर स्पीकर त्याच्या हातून गेले होते, आणि त्यातला एकही त्याने स्वतः ऐकलेला नव्हता. दोनशे वेळा त्याने तिच्या तीन शब्दांवर झाकण लावलं होतं. आता ते सगळे परत उघडून बघायची त्याच्याकडे कसलीही सोय नव्हती.

“जा सोमवारी,” तो म्हणाला. “मी तुका आडवूचंय नाय.” रजिस्टन्सचं तो काही बोलला नाही. कीर्तन्यांकडे जाऊन काय सांगणार होता, की तुमची जवारी परत नेतो?

चार वर्षं तिला हेच ऐकायचं होतं. मिळालं ते असं मिळालं. दिवाळीचे दिवस दोघांनी पाहुण्यांसारखे काढले. त्याने कंदील लावला, तिने करंज्या केल्या, दोघांनी एकमेकांना आग्रह केला. तो तिच्याशी चांगलं वागत होता, अगदी परक्यासारखं चांगलं. फक्त ती बोलायला लागली की तो ओठांकडे न बघता दुसरीकडे कुठेतरी बघे आणि मान हलवी. तिला वाटे, त्याने भांडावं, नाहीतर निदान विचारावं. मी एकदाच खोटं बोलले, हे पटवायचं कसं, याचा ती रात्रंदिवस विचार करत होती. आणि ती जितका विचार करी तितकं एकच दिसे. सोमवारी गेली, तर तिने जायच्या पायीच सगळं केलं, हेच खरं ठरेल. मग एकदा काय आणि दोनशेदा काय.

सोमवारी सकाळी सव्वासातला ती तयार होती. डबा भरला होता, पत्र पिशवीत होतं, नवीन चपला दाराबाहेर ठेवल्या होत्या. सहदेव पहाटेच उठून टेबलाशी बसला होता. कीर्तन्यांच्या पहिल्या मित्राची जोडी रविवारी आली होती. त्याने पाठीला पाठ लावून कंडेन्सर जोडले, डाग दिले, फुंकर मारली. खालून अनुपमाने हाक मारली, मालनवैनी, बस येईल. मालनने चपला पायात घातल्या.

त्याने रेकॉर्ड लावली. आवाज उठला आणि मालन दारातच थांबली. खारट होता. कीर्तन्यांच्यापेक्षाही खारट. तिला वाटलं, तो आता वळेल. तो वळला नाही. त्याने डोळे मिटल्यासारखे करून, गिऱ्हाइकांपुढे करायचा तसा, थोडा वेळ ऐकलं. मग स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि झाकण बसवायला घेतलं.

“खारट आहे,” ती दारातून म्हणाली.

त्याची पाठ तिच्याकडे होती. मध्ये रेकॉर्ड वाजत होती. पहिला स्क्रू बसला, दुसरा बसला. खालून अनुपमाची दुसरी हाक आली, यावेळी जरा चिडून. दारापासून जिना दोन पावलांवर होता आणि टेबलही फार लांब नव्हतं. मालनने डबा कट्ट्यावर ठेवला, चपला घातलेल्या पायांनी घरात आली, टेबलाला वळसा घालून त्याच्या समोर उभी राहिली आणि तिने वाकून चेहरा त्याच्या चेहऱ्यासमोर आणला.

“खारट,” ती म्हणाली.

सहदेवचा हात थांबला. त्याने तिच्या ओठांकडे पाहिलं, मग डोळ्यांकडे, मग परत ओठांकडे.

“खरां?” त्याने विचारलं.

चार वर्षांत त्याने हे कधी विचारलं नव्हतं. आता तो प्रत्येक वेळी विचारणार होता, आणि प्रत्येक वेळी उत्तर द्यायला ती समोर असायला हवी होती. मालनने चपला काढून भिंतीशी सरकवल्या, तांदळाचं ताट ओढलं आणि खाली बसली.

“खरां,” ती म्हणाली. “दोन ओमचा घाला.”

त्याने झाकणाचे स्क्रू परत काढायला घेतले. खाली बस थांबली आणि निघून गेली. अनुपमाने तिसरी हाक मारली नव्हती.